धागा: नवतपा, वॉटर मेझ आणि तापलेला कंट्रोल गट

कडुनिंब

प्रबंधाचं वेळापत्रक असं असतं की ॲनिमल हाऊसमधलं खरं काम नेमकं मार्च ते जूनमध्ये येऊन पडतं. म्हणून नागपुरात ताण आणि स्मृतीवरचा प्रयोग म्हणजे बहुतेकदा उन्हाळ्यातला प्रयोग. बाहेर नवतपा, म्हणजे मे अखेरचे तापलेले नऊ दिवस, ४५ अंश, गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यात हात धरवत नाही, आणि हातातला प्रोटोकॉल मात्र २२ अंशांच्या खोलीत बसून लिहिलेला. शेवटी ताण दिलेला गट आणि कंट्रोल, म्हणजे ताण न दिलेला गट, यांत फरकच निघत नाही. गाइडला वाटतं ताण कमी पडला, पोट्टे रिस्ट्रेंटचे, म्हणजे रॅटला नळीत अडकवून ताण द्यायचे, तास वाढवायला निघतात. बहुधा झालेलं उलटं असतं: कंट्रोलच तापलेला असतो.

हे समजायला रिसेप्टरपासून सुरुवात करू. रॅटच्या मेंदूत कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे त्याचं ताणाचं संप्रेरक, दोन प्रकारच्या रिसेप्टरवर बसतं. मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टरची त्याच्याशी जवळीक साधारण दहापट जास्त, त्यामुळे प्राणी निवांत असतानाही तो बराचसा भरलेला असतो. ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर भरतो तो ताणात, किंवा रोजच्या लयीच्या शिखरावर. हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मृती घडवणाऱ्या भागात, दोन्ही भरपूर आहेत. हे संप्रेरक तिथे जाऊन टिकतं हे ब्रूस मॅकइवेन यांच्या प्रयोगशाळेनं १९६८ मध्येच दाखवलं होतं. पहिला भरलेला आणि दुसरा थोडासा भरलेला असेल तर स्मृती चांगली चालते. दुसरा काठोकाठ भरला की घसरण सुरू. आलेख टेकडीसारखा. कंट्रोल गट आधीच टेकडी ओलांडून पलीकडच्या उतारावर बसला असेल, तर ताण दिलेल्या गटाशी त्याची तुलना करून हाती काय लागणार?

स्मृती मोजायला वॉटर मेझ वापरतात: गोल पूल, गढूळ पाणी, आणि भोवतालच्या खुणा बघून रॅटनं शोधायचा पाण्याखालचा प्लॅटफॉर्म. त्या पाण्याचं तापमान हीसुद्धा ताणाची मात्राच आहे. कार्मेन सँडी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये रॅटना १९ आणि २५ अंशांच्या पाण्यात शिकवलं. १९ अंशांवाले लवकर शिकले, त्यांच्या लक्षातही जास्त राहिलं आणि त्यांचं कॉर्टिकोस्टेरॉनही जास्त होतं. म्हणजे मेथड्समध्ये पाण्याचं तापमान लिहिलं नसेल तर प्राण्याला ताण किती दिला तेच लिहिलेलं नाही. उलट बाजूला ३०-३२ अंशांच्या पाण्यात रॅटला बाहेर पडायची घाई नसते, तो तरंगत बसतो. स्टॉपवॉचवर ६० सेकंद उमटतात आणि आपण त्याला विस्मरण म्हणतो.

आता बर्फाचा हिशोब. पूल १५० सेंटीमीटर व्यासाचा आणि पाणी ३० सेंटीमीटर खोल धरलं तर ५३० लिटर लागतात. टाकीचं पाणी ३६ अंश आहे आणि हवंय २५. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी घेतो, वितळलेलं पाणी शून्यावरून २५ वर येताना आणखी २५. किलोमागे १०५. ४८० लिटर पाणी ११ अंश उतरवायला ५,२८० किलोकॅलरी काढाव्या लागतात, म्हणजे ५० किलो बर्फ. त्या बर्फाचंच ५० लिटर पाणी होतं, म्हणून पूल आधी काठापर्यंत भरायचा नाही, नाहीतर प्लॅटफॉर्म खोल जातो. तो पाण्याखाली १ ते २ सेंटीमीटरच हवा.

लादी आणून फोडण्यापेक्षा सोपं म्हणजे आदल्या संध्याकाळी पूल भरून ठेवायचा आणि खोलीचा एसी रात्रभर २४ वर. सकाळी राहिलेले दोन-तीन अंश दोन लिटरच्या गोठवलेल्या बाटल्यांनी उतरवायचे. एका बाटलीनं ५३० लिटर पाणी साधारण ०.४ अंश उतरतं, आणि पाण्याची पातळी बदलत नाही. ट्रायलच्या आधी बाटल्या बाहेर काढा, पाणी नीट ढवळा, मग थर्मामीटर मध्यभागी आणि काठाशी असं दोनदा धरा. न ढवळता वरवर मोजलं तर वर २६ आणि तळाशी २२ असतं. तरंगता बर्फ पुलात राहिला तर रॅट त्यालाच खूण समजतो.

संत्राबर्फी

छान धागा. एक शंका. कंट्रोलचा प्लॅटफॉर्म शोधायचा वेळ चौथ्या दिवशीही ४०-४५ सेकंदांच्या खाली येत नसेल, पाणी २५ लाच असेल, तर पुढे काय तपासायचं? रोज ४ ट्रायल, ६० सेकंदांची मर्यादा, प्लॅटफॉर्मवर १५ सेकंद. विस्टार जातीचे नर रॅट.

झिरो_माईल

आधी वेळ बाजूला ठेवा, व्हिडिओ बघा. एकाच ४५ सेकंदांमागे तीन वेगळी कारणं असू शकतात.

काठाकाठानं गोल फिरतोय? मग तो शोधत नाहीये, घाबरलाय. हे पहिल्या दिवशी चालतं, तिसऱ्या दिवशीही तेच असेल तर हाताळणी कमी पडली. प्रयोगाआधी ५ ते ७ दिवस, रोज प्रत्येकी काही मिनिटं, आणि हाताळणारा माणूस तोच जो पुढे पाण्यात सोडणार. २०१४ मध्ये निव्वळ पुरुष माणसाच्या वासानंही उंदीर आणि रॅटमध्ये ताण दिसतो असं प्रसिद्ध झालं आहे. तेव्हा सोमवारी एक जण आणि मंगळवारी दुसरी, असं करू नका. करावंच लागलं तर दोन्ही गट दोघांमध्ये सारखे वाटा. रॅट पाण्यात सोडताना तोंड भिंतीकडे, आणि अलगद. वरून टाकणं बंद करा.

मध्यभागी फिरतोय पण दिशा नाही? मग खुणा दिसत नाहीत. विस्टार अल्बिनो आहे, त्याची नजर मुळातच कमजोर. भिंतीवर ए-फोर कागदावर छापलेला त्रिकोण त्याला दिसत नाही. दोन-अडीच फुटांची, काळ्या-पांढऱ्या ठळक आकाराची चित्रं लावा, चारही बाजूंना वेगवेगळी. उन्हाळ्यात खिडकीवर काळा कागद किंवा ओली खसची टट्टी लावतात आणि दुपारून उजेड बदलतो, त्याकडेही लक्ष असू द्या. कूलर सकाळी बंद आणि दुपारी चालू असेल तर त्याचा आवाज एका ठराविक कोपऱ्यातून येतो, आणि तीही खूणच. प्रयोग करणारा माणूस सुद्धा खूण असतो. रोज त्याच जागी उभं राहा किंवा पडद्याआड जा.

नीट पोहतोय, प्लॅटफॉर्मवर चढतो आणि लगेच उडी मारतो? मग त्याला प्लॅटफॉर्म म्हणजे सुटका हे कळलेलंच नाही. गुळगुळीत ॲक्रिलिकवर पाय घसरतात. वर जाळी किंवा खरखरीत कापड बसवा.

यानंतर दिसणाऱ्या प्लॅटफॉर्मची ट्रायल घ्या: प्लॅटफॉर्म पाण्याच्या वर, त्यावर झेंडा, दर ट्रायलला जागा बदलायची. तिथेही ताण दिलेला गट मागे पडला तर बिघाड स्मृतीत नाही, डोळ्यात, पायात किंवा इच्छेत आहे. ही ट्रायल कित्येक प्रबंधांत नसतेच आणि व्हायव्हात पहिला प्रश्न तोच येतो.

आणि वेळेबरोबर अंतर आणि पोहण्याचा वेग लिहा. तरंगणारा रॅट वेळ खातो, अंतर खात नाही. प्रोब ट्रायल शेवटच्या सरावानंतर २४ तासांनी, प्लॅटफॉर्म काढून, ६० सेकंद. प्लॅटफॉर्म होता त्या चौथाईत योगायोगानं जाणारा वेळ २५ टक्के. कंट्रोलच २५ च्या आसपास असेल तर त्यापुढची कुठलीही तुलना करू नका, पूल परत लावा.

तर्री_पोहे

पाणी गढूळ करायला टाकतात त्या दुधाच्या पावडरीबद्दल कोणी बोललं नाही राजेहो. मे महिन्यात ती टाकली की संध्याकाळी पुलाचं दही. वासाची खूण वेगळी, माश्या वेगळ्या, आणि मेन गेटपासून कळतं की आज बिहेवियर सुरू आहे.

झिरो_माईल

बरोबर. पावडर वापरायचीच तर रोज पाणी बदला, पण ५३० लिटर रोज फेकणं एप्रिलनंतर परवडत नाही. बिनविषारी पोस्टर रंग चालतो. रंग निवडताना कॅमेऱ्याचा विचार करा: पांढऱ्या पाण्यात पांढरा रॅट सॉफ्टवेअरला दिसत नाही. विस्टारसाठी काळं पाणी आणि पुलाची आतली बाजूही काळी. पांढराच पूल असेल तर डोक्यावर आणि पाठीवर काळ्या मार्करनं खूण, आणि ती सगळ्या प्राण्यांना, कंट्रोललाही. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाण्यात पडलं की ट्रॅकिंग त्यालाच रॅट समजून जागेवर थांबतं. दिवे छताकडे वळवा, पाण्यावर उजेड उसळून आलेला पडू दे.

गोरेवाडा

रिस्ट्रेंटवर लिहितो, कारण उन्हाळ्यात जीव जातात ते इथे.

दोन पद्धती जास्त चालतात. वातानाबे, गूल्ड आणि मॅकइवेन यांची १९९२ ची: रोज ६ तास, २१ दिवस, हिप्पोकॅम्पसच्या सीए-थ्री भागातल्या पेशींच्या फांद्या आखडतात. दुसरी सुमंत्र चटर्जी यांच्या बेंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेतल्या तेव्हाच्या गटाची, २००२ मध्ये आलेली: रोज २ तास पूर्ण जखडणं, १० दिवस. त्यात सीए-थ्रीच्या फांद्या आखडल्या, पण ॲमिग्डालात, म्हणजे मेंदूच्या भीतीशी जोडलेल्या भागात, त्या वाढल्या. एकाच ताणानं एकीकडे छाटणी, दुसरीकडे पालवी. ताणानं मेंदू सरसकट सुकतो असं परिचयात लिहिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता उष्णतेचं. रॅटला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो उष्णता शेपटीच्या रक्तवाहिन्या पसरवून टाकतो, आणि फारच तापला तर लाळ अंगाला चोपडतो. नळीत अडकल्यावर चाटता येत नाही, शेपूट नळीच्या आत दाबलेली असेल तर तोही मार्ग गेला. ३८ अंशांच्या खोलीत ६ तासांचं रिस्ट्रेंट म्हणजे मानसिक ताणाचं मॉडेल नव्हे, तो उष्माघात आहे. उष्माघातानंही स्मृती बिघडते. मग पेपरमध्ये कशाचं श्रेय कशाला देणार?

खोली २२ ते २४ अंश. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती सीसीएसईए, म्हणजे आधीचं सीपीसीएसईए, १८ ते २९ अंश आणि ३० ते ७० टक्के आर्द्रता सांगतं, पण रिस्ट्रेंटसाठी वरच्या टोकाला जाऊ नका. २०० ते २५० ग्रॅमच्या रॅटसाठी नळीचा आतला व्यास साधारण ६ सेंटीमीटर. नाकाकडे मोठं भोक, दोन्ही बाजूंनी छिद्रांच्या रांगा, शेपूट बाहेर काढायला खाच. २१ दिवसांत प्राणी वाढतो, तिसऱ्या आठवड्यात तीच नळी छातीला घट्ट होते, तेव्हा दोन मापांच्या नळ्या ठेवा. पहिल्या दिवशी अर्ध्या अर्ध्या तासानं नाक-तोंड बघा: लाळेनं हनुवटी ओली, श्वास वेगात, शेपूट लालभडक, असं दिसलं की बाहेर. वजन सुरुवातीपेक्षा २० टक्के उतरलं तर प्राणी प्रयोगातून काढायचा. आणि तास मनानं वाढवता येत नाहीत, त्यासाठी आयएईसीकडून, म्हणजे संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडून, सुधारित मंजुरी लागते.

कंट्रोलची बाजू दुर्लक्षित राहते. रिस्ट्रेंटमधला रॅट ६ तास खात-पीत नाही, म्हणून कंट्रोलचंही अन्नपाणी तेवढे तास काढून ठेवा, नाहीतर वजनातला फरक उपासाचा की ताणाचा कळणार नाही. कंट्रोल वेगळ्या खोलीत. अडकलेला रॅट २२ किलोहर्ट्झच्या आसपास संकटाची हाक देतो, आपल्याला ती ऐकू येत नाही, शेजारच्या पिंजऱ्याला येते. कूलरचा पंखा, खराब चोकची ट्यूबलाइट, जुनं यूपीएस यांचेही आपल्याला न ऐकू येणारे आवाज असतात. कूलर ॲनिमल रूमच्या खिडकीत लावू नका. गार हवा थेट एका रॅकवर, दमट, आवाजासकट, आणि दुसऱ्या टोकाचा रॅक कोरडा. नवतपात बाहेरची हवा इतकी कोरडी असते की कूलर छान चालतो आणि फसवतो. मृग लागला की तोच कूलर खोलीत वाफ कोंडतो, आर्द्रता ७० च्या पार. अर्धा प्रयोग मेमध्ये, अर्धा जूनमध्ये केला तर दोन वेगळे प्रयोग झाले समजा. निदान प्रत्येक बॅचमध्ये सगळे गट तरी ठेवा. कंट्रोल मेमध्ये आणि औषध जूनमध्ये, असं कधीच नको.

अंबाझरी

रक्ताच्या नमुन्यांचं माझ्याकडून.

पहिली चूक संप्रेरक मोजायचं किट मागवतानाच होते. रॅटच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीत १७-हायड्रॉक्सिलेज हे विकर नसतं, म्हणून तो माणसासारखं कॉर्टिसॉल बनवत नाही, कॉर्टिकोस्टेरॉन बनवतो. पॅथॉलॉजी लॅबमधली कॉर्टिसॉलची तपासणी स्वस्त पडते म्हणून रॅटचा सीरम तिकडे पाठवायचा नाही. आकडा येईल, अर्थ येणार नाही.

दुसरी चूक वेळेची. पिंजऱ्याला हात लावल्यापासून ३ मिनिटांच्या आत रक्त घेतलं तरच ते बेसल, म्हणजे ताणाआधीच्या पातळीचं. त्यानंतर पातळी चढू लागते आणि १५ ते ३० मिनिटांत शिखर गाठते. एका पिंजऱ्यात चौघं असतील तर पहिल्याला उचलताच बाकी तिघांची घड्याळं सुरू झाली. चौथ्याचा नमुना बेसल म्हणून लिहिणं म्हणजे स्वतःची फसवणूक. ईथरची भूल दिली तर ईथरचाच ताण मोजला जातो.

तिसरी गोष्ट दिवसाची. रॅट निशाचर. त्याचं कॉर्टिकोस्टेरॉन सकाळी तळाशी आणि दिवे बंद व्हायच्या सुमारास शिखरावर. दिवे ७ ला लागत असतील तर सगळे नमुने ९ ते ११ च्या दरम्यान. सकाळी कंट्रोल, जेवून आल्यावर ताण दिलेला गट, असा क्रम ठेवला तर औषधाविनाच फरक येतो. वीज जाते तेव्हा साधा टायमर थांबतो आणि तेवढे तास मागे राहतो. आठवडाभरात खोलीतली रात्र कुठल्या कुठे सरकते. बॅटरीवाला टायमर घ्या, आणि रोज सकाळी तो मनगटावरच्या घड्याळाशी ताडून वहीत सही करा.

चौथी: २१ व्या दिवशी कॉर्टिकोस्टेरॉन जास्त दिसलं नाही म्हणून घाबरू नका. रोज तोच ताण दिला की प्रतिसाद बोथट होत जातो. दीर्घ ताणाचा पुरावा हवा असेल तर अधिवृक्क आणि थायमस (छातीतली प्रतिकारशक्तीची ग्रंथी) तोला. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्येच अधिवृक्क मोठं, थायमस लहान आणि जठरात व्रण हे त्रिकूट मांडलं होतं. याला किट लागत नाही, चांगला तराजू आणि चरबी सोलायची चिकाटी लागते. चरबी राहिली तर वजनच खोटं, ग्रंथी मिलिग्रॅममध्ये मोजतोय आपण. १०० ग्रॅम शरीरवजनामागे मिलिग्रॅम असं मांडा.

एसीटीएच, म्हणजे अधिवृक्काला चालना देणारं संप्रेरक, मोजणार असाल तर ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन), बर्फ, थंड सेंट्रिफ्यूज, सगळं तयार ठेवूनच सुरुवात करा, ते झपाट्यानं तुटतं. कॉर्टिकोस्टेरॉन त्यामानानं दणकट आहे, तरी नमुने छोट्या भागांत वाटून ठेवा म्हणजे पुन्हा पुन्हा वितळवावे लागत नाहीत.

संत्राबर्फी

झिरो_माईल, अंबाझरी, दोघांचे आभार. आता दुसरा प्रश्न. शेवटच्या रिस्ट्रेंटनंतर किती वेळानं स्मृतीची चाचणी घ्यायची? त्याच दिवशी घेतात, दुसऱ्या दिवशी घेतात, आठवड्यानं घेतात. पेपर सगळ्या प्रकारचे आहेत.

कडुनिंब

कारण ते सगळे वेगवेगळे प्रश्न विचारतायत. डी क्वेर्वाँ, रूझेंडाल आणि मॅकगॉ यांचा १९९८ चा प्रयोग घ्या. रॅट आधी वॉटर मेझ शिकले. मग आठवण तपासायच्या आधी पायाला विजेचा झटका. ३० मिनिटं आधी दिला तर आठवेना. २ मिनिटं आधी किंवा ४ तास आधी दिला तर काहीच बिघाड नाही. म्हणजे शिकलेलं पुसलं गेलं नव्हतं, त्या घटकेला बाहेर येत नव्हतं. उलट शिकल्या शिकल्या आलेला ताण ती आठवण पक्की करतो. परीक्षेच्या हॉलमध्ये उत्तर सुचत नाही आणि बाहेर वडापावच्या गाडीपाशी सगळं आठवतं, त्यातला जीवशास्त्राचा भाग हाच.

तेव्हा रिस्ट्रेंटमधून काढून अर्ध्या तासात पुलात टाकलं तर ते तात्कालिक ताणाचं मोजमाप झालं, २१ दिवसांचं नाही. दीर्घ ताण बघायचा तर निदान २४ तास जाऊ द्या. फार थांबलात तर हिप्पोकॅम्पसच्या फांद्या परत वाढतात आणि परिणाम विरतो. ॲमिग्डालाचं मात्र तसं नाही. चटर्जी यांच्याच गटानं २००४ मध्ये दाखवलं की २१ दिवस विश्रांतीनंतरही तिथली वाढ आणि प्राण्याची भीती मागे हटत नाही. म्हणून चिंतेची चाचणी आणि स्मृतीची चाचणी यांना एकच वेळ लावू नका.

मादी वापरणार असाल तर २१ दिवसांच्या रिस्ट्रेंटनं स्मृती बिघडेलच असं धरून चालू नका. व्हिक्टोरिया ल्यूइन यांच्या कामात नर बिघडले, माद्या नाहीत. "मादीत मॉडेल बसलं नाही" असं लिहून ते सोडून देऊ नका, तो निष्कर्षच आहे.

झिरो_माईल

इथे माझा कडुनिंबशी मतभेद. ताणाचा अभ्यास करायचा आणि मोजायला अशी चाचणी घ्यायची जी स्वतःच ताण आहे, हे मला पटत नाही. पोहणं रॅटला आवडत नाही म्हणून तर वॉटर मेझ चालतो. नागपुरात तर बर्फ, पाणी, टॉवेल, एसी, सगळ्याचाच जुगाड. त्यापेक्षा नवी वस्तू ओळखण्याची चाचणी बरी, १९८८ ची एनाकर आणि देलाकूर यांची. पाणी नाही, झटका नाही, उपास नाही.

६० बाय ६० चा पेटारा पुरतो. दोन दिवस रिकाम्या पेटाऱ्यात १० मिनिटं फिरू द्या. तिसऱ्या दिवशी दोन सारख्या वस्तू, ५ मिनिटं. १ तासानं किंवा २४ तासांनी त्यातली एक बदला, परत ५ मिनिटं. नाक वस्तूपासून २ सेंटीमीटरच्या आत आणि तोंड तिकडे, तेव्हाच हुंगणं धरायचं. वर चढून बसला तर नाही. नव्याचा वेळ वजा जुन्याचा, भागिले दोन्हींची बेरीज. वस्तू जड हव्यात, ढकलता येतील अशा नकोत. काच, स्टील, चिनी माती चालते, लाकूड वास धरतं. आधी वेगळ्या प्राण्यांवर बघा की त्या दोन वस्तूंपैकी एक मुळातच जास्त आवडती नाही ना. दर प्राण्यानंतर अल्कोहोलनं पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

कडुनिंब

मान्य, पण तुमच्या चाचणीचाही उन्हाळा असतो. खोली तापली की रॅट कोपऱ्यात पसरून पडतो आणि दोन्ही वस्तू मिळून ५ सेकंद हुंगतो. त्या ५ सेकंदांतून काढलेला निर्देशांक म्हणजे नाणेफेक. किती सेकंदांच्या खाली प्राणी वगळणार ते आधी लिहून ठेवा, आकडे बघून नाही. शिवाय ही चाचणी हिप्पोकॅम्पसवर तितकी अवलंबून नाही, शेजारच्या पेरिरायनल भागावर जास्त. जागेच्या स्मृतीबद्दल दावा करायचा तर पूल किंवा वाय-मेझ (वाय अक्षराच्या आकाराचा कोरडा मेझ) लागतोच. दोन्ही करा, पण पूल शेवटी. आधी पोहायला लावलेल्या रॅटची नंतरची कुठलीही चाचणी निर्मळ राहत नाही.

धंतोली_ओपीडी

रॅटवाल्यांच्या धाग्यात घुसतोय. प्रबंधाच्या परिचयात "ताणामुळे अल्झायमर होतो" असं एका ओळीत लिहिलं जातं, त्यावर थोडं.

प्राण्यांत पुरावा आहे. २००६ मध्ये ट्रान्सजेनिक, म्हणजे जनुकं बदललेल्या, उंदरांत ग्लुकोकॉर्टिकॉइडनं (ताणाच्या संप्रेरकांच्या वर्गातलं औषध) अमायलॉइड आणि टाऊ ही अल्झायमरमध्ये साचणारी दोन्ही प्रथिनं वाढलेली दिसली. २००७ मध्ये रिस्ट्रेंटनं मेंदूच्या द्रवातलं अमायलॉइड वाढलेलं दिसलं. माणसात चित्र गुंतागुंतीचं आहे. युद्धाच्या आघातानंतर पीटीएसडी (आघातोत्तर ताणविकार) झालेल्यांत हिप्पोकॅम्पस लहान दिसतो, म्हणून तो ताणानं झिजला असं मानत. २००२ मध्ये गिल्बर्टसन आणि सहकाऱ्यांनी एकसारख्या जुळ्यांचा अभ्यास केला: युद्धावर न गेलेल्या भावाचाही हिप्पोकॅम्पस लहानच निघाला. म्हणजे निदान काही भाग आधीपासूनचा. उलट कुशिंग आजारात, जिथे कॉर्टिसॉल खरोखर वर्षानुवर्षं जास्त असतं, उपचारानंतर हिप्पोकॅम्पसचं आकारमान परत वाढतं हे १९९९ मध्ये दिसलं. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, आखडलेल्या फांद्या येतात. गोरेवाडांनी लिहिलेली छाटणी आठवा.

लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचे १४ टाळता येण्यासारखे धोके आहेत. त्यात नैराश्य आहे, बहिरेपण आहे, मधुमेह, रक्तदाब, एकटेपणा, हवेचं प्रदूषण आहे. ताण या नावानं काही नाही. परिचयात लिहायचंच तर असं लिहा की दीर्घ ताण नैराश्य, झोप आणि रक्तदाब यांच्या वाटेनं धोका वाढवू शकतो.

आणखी एक तक्रार. स्कोपोलामिन दिलं, रॅट विसरला, औषधानं सुधारला, आणि शीर्षकात अल्झायमर. स्कोपोलामिन ॲसिटिलकोलीन या मेंदूतल्या संदेशवाहकाचे मस्कॅरिनिक रिसेप्टर काही तास बंद करतं, बस. त्यानं डोळ्याची बाहुली विस्फारते, जवळचं धूसर दिसतं, हालचाल वाढते. वर सांगितलेली दिसणाऱ्या प्लॅटफॉर्मची ट्रायल इथे तर सक्तीचीच हवी. त्याचा खरा धडा ओपीडीत उपयोगी पडतो: ७० वर्षांच्या आजोबांना ॲमिट्रिप्टिलिन, ट्रायहेक्सीफेनिडिल, लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन आणि सर्दीला क्लोरफेनिरामिन एकत्र चालू असेल तर तेही अर्धं स्कोपोलामिनच, कारण ही सगळी तेच रिसेप्टर अडवतात.

संत्राबर्फी

धंतोली सर, घरचे लोक विचारतात म्हणून: विसरभोळेपणासाठी कॉर्टिसॉल तपासून घ्यावं का?

धंतोली_ओपीडी

ताण मोजायला नको. सकाळी ८ चा एक आकडा त्या दिवशीची झोप, सुई टोचायची भीती, गर्भनिरोधक गोळ्या, सगळं मिसळून येतो. ती तपासणी कुशिंग किंवा अधिवृक्काच्या कमतरतेचा संशय असेल तेव्हा, आणि तेव्हाही ठरलेल्या पद्धतीनं. विसरभोळेपणात आधी बी-१२ आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर, चालू औषधांची सगळी पिशवी टेबलावर, ऐकू येतं का, घोरणं आणि दिवसा पेंगणं, मन:स्थिती. गुडघेदुखीवर गावाकडून आणलेल्या पुड्या कोणी खात असेल तर तेही विचारा, त्यात स्टेरॉइड निघू शकतं. रुग्ण स्वतः तक्रार करतो आणि घरचे म्हणतात ठीक आहे, तेव्हा बहुतेकदा चिंता किंवा नैराश्य. घरचे तक्रार करतात आणि रुग्ण म्हणतो मला काही झालं नाही, तेव्हा जास्त काळजी. चाचणी मराठीत घ्या, आणि शिक्षण विचारूनच गुण वाचा. शाळेत न गेलेल्या आजीला घड्याळ काढायला लावून डिमेन्शिया ठरवू नका.

गोरेवाडा

गोल्जी-कॉक्स, म्हणजे मेंदूच्या पेशींच्या फांद्या रंगवून मोजायची पद्धत, करणाऱ्यांसाठी एक राहिलं. मेंदूचे तुकडे द्रावणात अंधारात दोन आठवडे ठेवतात, पण उष्णतेनं रंग चढायचा वेग वाढतो. मेमध्ये खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या बरण्या आणि जानेवारीतल्या बरण्या सारख्या होत नाहीत. उन्हाळ्यात काळे कण साचून फांद्या मोजताच येत नाहीत. बरण्या ठराविक तापमानाच्या इनक्युबेटरमध्ये ठेवा आणि कंट्रोल व ताणाचे मेंदू एकाच दिवशी, एकाच द्रावणात. मर्क्युरिक क्लोराइड आहे, धातूचा चिमटा बुडवायचा नाही, काच किंवा प्लास्टिक. वापरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतायचं नाही, वेगळ्या डब्यात.

तर्री_पोहे

सगळ्यांनी पावसाळ्यात ढकलायचं ठरवलं असेल तर कॅलेंडर बघा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक, मग गणपती, मग देवी, मग फटाके. महाल-इतवारीकडच्या कॉलेजात प्रोब ट्रायल मारबतीच्या दिवशी ठेवली तर रॅटला प्लॅटफॉर्मच काय, पूलही आठवणार नाही. ईडा पीडा घेऊन जा गे मारबत, कंट्रोलचं कॉर्टिकोस्टेरॉनही घेऊन जा.

अंबाझरी

हसण्यावारी नका नेऊ, खरंच वहीत लिहा. तारीख, खोलीचं सकाळ-दुपार तापमान, आर्द्रता, पाण्याचं तापमान दर चार प्राण्यांनी, वीज कधी गेली, बाहेर काय वाजत होतं, कोणी हाताळलं. जनावरं बाहेरून येत असतील तर प्रवासाचा दिवस आणि त्यानंतरची विश्रांती: एरवी ७ दिवस पुरतात, एप्रिल-मेमध्ये १४ द्या. आणि डिसेंबरात उलट काळजी. रात्री पारा १० च्या खाली गेला की पोहून आलेला रॅट ओलाच पिंजऱ्यात ठेवू नका. टॉवेलनं पुसा, वाळेपर्यंत पिवळ्या बल्बखाली ३० अंशांच्या आसपास, आणि पुढची ट्रायल अंग कोरडं झाल्यावरच.

संत्राबर्फी

ठीक. पाणी २५ ला आणून, मोठ्या काळ्या-पांढऱ्या खुणा लावून आधी फक्त सहा कंट्रोल प्राण्यांवर चार दिवस घेते, आणि दिसणाऱ्या प्लॅटफॉर्मची ट्रायल. ते शिकले तरच रिस्ट्रेंट सुरू. दोन लिटरच्या बाटल्या किती लागतील एकूण?

कडुनिंब

एसी रात्रभर चालला आणि सकाळी पाणी २७ असेल तर पाच. बारा गोठवून ठेवा. दुपारच्या ट्रायलला लागतात, आणि डीप फ्रीजरमध्ये त्यांना जागा आहे का ते आजच बघा.